कलंदराची परतवाट

मुळशी तालुक्यातील कासारसाई-दारुंब्रे येथील सहकारी साखर कारखान्यास संत तुकारामांचे नाव आहे; तेथून पवना ओलांडून इंद्रायणीकाठच्या देहूकडे जाताना तुकोबांच्या पाठोपाठ मला नेहमी कवी दिलीप चित्रे आठवतात.

घरदार व लौकिक झुगारून कलेपुरते जगणाऱ्यांना पॅरिसने एकोणिसाव्या शतकात ‘बोहेमियन’ म्हटले, आणि पुढे त्याच शहरात येऊन राहिलेल्या हेन्री मिलर या अमेरिकन लेखकाच्या दिवसांवर चित्रपटही निघाले. आपल्याकडे त्याकरिता फारसीतून आलेला ‘कलंदर’ हा शब्द आहे, आणि तो मला अधिक सखोल वाटतो, कारण त्यात स्वैरतेबरोबर फकिराची विरक्तीही आहे.

चित्रे या अर्थाने कलंदर होते. 1938 साली बडोद्यात जन्मलेल्या, 1954 साली मुंबईत अरुण कोलटकर प्रभृतींसह ‘शब्द’ हे अनियतकालिक काढणाऱ्या या कवीचा ‘कविता’ हा पहिला संग्रह 1960 साली प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी तो इंग्रजीचा शिक्षक म्हणून इथिओपियास गेला. त्या मुलखावर तेव्हा हेले सेलासी यांचा अंमल होता. सम्राट ब्राझीलच्या दौऱ्यावर असताना, डिसेंबर 1960 मध्ये, खुद्द शाही रक्षकदलानेच बंड केले व ते अल्पावधीत मोडले गेले. पॅरिसच्या उपाहारगृहांतील मैफलींऐवजी या कलंदराच्या वाट्यास खडू, फळा आणि हबशांचा प्राचीन देश आला. 1963 पर्यंतच्या त्या मुक्कामातून ‘शिबा राणीच्या शोधात’ हे मराठी प्रवासलेखन उपजले. पुढे 1975 साली अमेरिकेतील आयोवा येथील लेखकशिबिराचे बोलावणे आले. त्यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘गोदाम’ या चित्रपटास 1984 साली फ्रान्समधील नांत येथे परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले.

मात्र एवढी भ्रमंती करूनही त्यांनी आपले सर्वांत दीर्घ परिश्रम वाहिले ते देहूच्या वाण्याला. तुकोबांच्या अभंगांचा त्यांचा इंग्रजी अनुवाद 1991 साली प्रसिद्ध झाला. परदेशाने मराठी लेखक मराठीस पारखा होतो, या समजुतीस याहून खणखणीत उत्तर मला ठाऊक नाही.

कवीचे चरित्र पडद्यावर आणण्याची विद्या पुण्यास नवी नाही. येथील ‘प्रभात’ या चित्रसंस्थेच्या 1936 सालच्या ‘संत तुकाराम’ची व्हेनिसच्या महोत्सवाने दुसऱ्याच वर्षी गौरवपूर्वक दखल घेतली होती. चित्रे 2009 साली पुण्यातच निवर्तले. त्यांच्या इथिओपियातील तीन वर्षांवर एखाद्या मराठी दिग्दर्शकाने चित्रपट करावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.