युनिक्समधील ‘अवध्य’ प्रक्रिया : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप
इ.स. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत युनिक्सचा पाया घातला गेला. या प्रणालीतील ९ क्रमांकाचा ‘किल’ संकेत कोणत्याही प्रक्रियेस नाकारता येत नाही. तथापि दोन प्रकारच्या प्रक्रिया त्यालाही दाद देत नाहीत. ‘झोंबी’ प्रक्रिया आधीच मृत असते, केवळ तिची नोंद उरते. जनक प्रक्रिया संपवल्यास ‘इनिट’ ती नोंद मिटवते. दुसरी प्रक्रिया डिस्कच्या वा नेटवर्कच्या उत्तराची अखंड प्रतीक्षा करते. सन मायक्रोसिस्टिम्सच्या एनएफएसमध्ये (१९८४) दूरचा सर्व्हर बंद पडल्यास ही प्रतीक्षा अमर्याद होई. मग अनेकदा संगणकच पुन्हा सुरू करावा लागे व इतरांचेही काम बुडे. २००८ मध्ये लिनक्स २.६.२५ ने केवळ प्राणघातक संकेताने मोडणारी प्रतीक्षा आणली. तात्पर्य, ही अवध्यता निव्वळ दोष नसून माहितीच्या सुरक्षिततेसाठी मोजलेली किंमत होती.