एल्बेकाठचा नाट्यगृह-चौक

जर्मनीतील सॅक्सनीची राजधानी ड्रेस्डेन. तेथे एल्बे नदीच्या डाव्या तीरावर, जुन्या राजवाड्यालगत, 'थिएटरप्लात्झ' नावाचा विस्तीर्ण फरसबंद चौक आहे. थिएटरप्लात्झ म्हणजे नाट्यगृहाचा चौक. एका अंगास राजकुलाचे कॅथलिक चर्च, दुसऱ्या अंगास त्स्विंगर प्रासादाचे चित्रालय आणि समोर भव्य संगीतनाट्यगृह, अशी त्याची मांडणी आहे. मध्यभागी राजा योहानचा अश्वारूढ पुतळा उभा आहे. परंतु या चौकावर ठसा उमटला आहे तो राजाचा नव्हे. ज्याच्या अटकेचा हुकूम याच राज्याने काढला, त्या गॉटफ्रीड सेंपर या स्थापत्यविशारदाचा.

अठराव्या शतकात चर्च बांधण्यासाठी आलेले इटालियन कारागीर येथे वस्ती करून राहिले. नदीकडील उपाहारगृहाला आजही 'इटालियन खेडे' असेच नाव आहे. सेंपरचे नाट्यगृह येथे १८४१ साली उघडले. रिखार्ड वाग्नर तेथे संगीत-संचालक होता. त्याच्या 'टानहॉयझर'चा पहिला प्रयोग १८४५ साली येथेच झाला. पुढे १८४९ च्या मे महिन्यात शहरात राजसत्तेविरुद्ध उठाव झाला. वाग्नर त्यात सामील झाला आणि सेंपरने तर रस्त्यावर मोर्चेबंदी रचण्यास हातभार लावला. प्रशियाच्या सैन्याने उठाव मोडताच दोघेही परागंदा झाले. सेंपरने योजिलेले चित्रालय त्याच्या गैरहजेरीत १८५५ साली पुरे झाले.

१८६९ साली नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. तेव्हा नवे नाट्यगृह सेंपरनेच बांधावे, असा नागरिकांनी आग्रह धरला. आराखडे त्याने दिले. देखरेख पुत्र मान्फ्रेडने केली. १८७८ साली दुसरे नाट्यगृह खुले झाले.

मार्च १९३३ मध्ये नाझी स्वयंसेवकांनी प्रयोगातच हुल्लड माजवून संचालक फ्रिट्झ बुश यांना येथून घालवून दिले. १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री बाँबवर्षावात इमारत जळाली. बरोबर चाळीस वर्षांनी, १३ फेब्रुवारी १९८५ रोजी, सेंपरच्याच आराखड्यानुसार ती पुन्हा उभी राहिली. ऑगस्ट २००२ मध्ये एल्बेचे पाणी तिच्या तळघरांत शिरले, तेही ओसरले.

डिसेंबर २०१४ मध्ये स्थलांतरितांविरुद्ध घोषणा देणारा मोठा जमाव या चौकात जमला. त्या संध्याकाळी नाट्यगृहाने आपल्या दर्शनी भागाचे दिवे मालवले. ज्या वास्तूतून एकदा कलावंताला हुसकावले गेले होते, तिने यावेळी आपली शोभा त्या जमावाच्या पाठीशी उभी राहू दिली नाही.