थांबायचं की पुढे जायचं?

अपघात झाला की गर्दी जमते, मोबाईलवर शूटिंग होतं, पण जखमीला हात कोणी लावत नाही. यावर आपलं ठरलेलं वाक्य : "माणुसकीच राहिली नाही हो!" मला हे पूर्ण पटत नाही. थोडा इतिहास चाळला तर दिसतं की आपल्या व्यवस्थेनंच माणुसकी महाग करून ठेवली होती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. एका स्कूटरवाल्याला भरधाव गाडीनं उडवलं. एका भल्या माणसानं त्याला उचलून जवळच्या दवाखान्यात नेलं. (बघा, थांबणारा माणूस होता!) डॉक्टर म्हणाले, पोलीस केस आहे, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या हॉस्पिटलात न्या. तिथे पोचायच्या आतच तो गेला. ही बातमी घेऊन परमानंद कटारा सुप्रीम कोर्टात गेले. १९८९ साली कोर्टानं बजावलं : सरकारी असो वा खाजगी, डॉक्टरनं आधी जीव वाचवायचा, कागदपत्रं नंतर.

हे झालं डॉक्टरांचं. पण जखमीला घेऊन येणाऱ्याचं काय? नाव-गाव द्या, चौकीत बसा, "तूच ठोकलं असशील" हे ऐका, मग साक्षीच्या तारखांवर तारखा. ऑफिसात सुट्टी तरी कितीदा मागणार?

२००७ साली दिल्लीत पीयूष तिवारी यांच्या नात्यातला एक शाळकरी मुलगा असाच मदतीविना रस्त्यावर गेला. २००८ मध्ये त्यांनी 'सेव्हलाईफ फाउंडेशन' काढलं. संस्थेच्या २०१३ च्या पाहणीत ७४ टक्के लोक म्हणाले, आम्ही बहुधा मदत करणार नाही. त्यातल्या ८८ टक्क्यांनी कारण दिलं पोलीस-कोर्टाच्या कटकटीचं. म्हणजे बेपर्वाईपेक्षा भीतीच मोठी!

याच संस्थेच्या याचिकेवर ३० मार्च २०१६ ला सुप्रीम कोर्टानं केंद्राच्या मार्गदर्शक सूचना देशभर बंधनकारक केल्या, आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलम आलं. आता नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची नाही, हॉस्पिटलही तुम्हाला अडवून ठेवू शकत नाही. २०२१ मध्ये पाच हजारांचं बक्षीसही जाहीर झालं. बक्षीस ठीक आहे हो, पण हे कलम प्रत्येक टोलनाक्यावर ठळक रंगवलं असतं तर जास्त उपयोग झाला असता. आमच्या टीममधल्या बारा जणांना विचारलं, एकालाच माहीत होतं.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची ॲम्ब्युलन्स आहे. निदान फोन तरी लावा. स्वतःचं नाव सांगायचं की नाही, ते तुमच्यावर.