बुजलेल्या वाटेची बूजी

माझा मावसभाऊ आंबागडचा. तुमसर तालुक्यातलं, किल्ल्याच्या पायथ्याचं गाव. वजन फार वाढलं म्हणून त्याने नागपुरात गॅस्ट्रिक बायपास करून घेतली. वजन उतरलं, पण दीड महिन्याने भात जाईना आणि मग पेजही उलटून पडू लागली. जठराची चिमुकली पिशवी आतड्याला जिथं जोडतात, तिथला व्रण भरता भरता आवळतो आणि बोटभर वाट काडीएवढी होते. डॉक्टर म्हणाले, "स्ट्रिक्चर आहे. दुर्बिणीतून फुगा घालून रुंद करू. पूर्वी यासाठी बूजी घालायचे."

"बुजलं ते उघडते म्हणून बूजी का, दादा?" भावाने मला विचारलं.

त्याचा तर्क साफ चुकला होता, पण मला तो महिनाभर पुरला.

बूजी म्हणजे फ्रेंच भाषेत मेणबत्ती. आणि मेणबत्तीला हे नाव मिळालं अल्जीरियातल्या एका बंदरावरून. आजचं बेजाइया, फ्रेंचांच्या तोंडी बूजी. मध्ययुगात तिथून युरोपला मेण जाई. पैठणहून आली ती पैठणी, तसाच हा प्रकार. काहींना वाटतं की मेणबत्त्यांमुळे गावाला हे नाव पडलं. ते उलटं आहे. अरबीतलं 'बिजाया' हे नाव फ्रेंचांच्या आधीचं. त्यामुळे गाव आधी, मेणबत्ती मागून.

मेणबत्ती घशात शिरली कशी? मेणाची सळई अंगाच्या उष्णतेने मऊ पडते, वळते आणि आत ओरखडा काढत नाही. इटलीतल्या फाब्रिसियसने सोळाव्या-सतराव्या शतकात घशात अडकलेला घास मेणाच्या सळईने खाली ढकलल्याचं सांगतात. 1674 मध्ये इंग्लंडच्या थॉमस विलिसने देवमाशाच्या हाडाला स्पंज बांधून एका रोग्याची अन्ननलिका मोकळी केली. पुढे रबर आलं, प्लास्टिक आलं, फुगा आला. नाव मात्र मेणबत्तीचंच राहिलं.

इथे एक संस्कृतज्ञ मित्र मला अडवतो. म्हणतो, कल्पना आपली. सुश्रुताने आवळलेल्या गुदद्वारासाठी लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची नळी तूप लावून घालायला सांगितली आहे आणि काही दिवसांनी आणखी जाड, मग त्याहून जाड. हे खरंच आहे, पण ती वाट वेगळ्या टोकाची. सुश्रुतापासून फ्रेंचांपर्यंत धागा ओढणं मला पटत नाही. माझं मत असं की, ही युक्ती ठिकठिकाणी आपसूक सुचली असणार. टोचलेल्या कानाचं भोक बुजू नये म्हणून आमच्याकडे मुलींच्या कानात कडुनिंबाची काडी घालतात, ती कुठल्या ग्रंथातून आली? तरी मित्राला एक गुण देतो. आयुर्वेदात गुदात किंवा जखमेत घालायच्या औषधी बत्तीला 'वर्ति' म्हणतात आणि आपली समईतली वात त्याच वर्तीची लेक. म्हणजे दिव्याची वस्तू वैद्याच्या हाती तिकडेही गेली, इकडेही.

आता ज्या दुव्यासाठी हा सगळा खटाटोप, तो. त्याच बूजी बंदरात लहानपणी फिबोनाची हा पिसाचा मुलगा राहिला. वडील तिथे पिसाच्या व्यापाऱ्यांचं काम पाहत. तिथेच तो भारतीयांचे नऊ अंक शिकला आणि 1202 च्या ग्रंथात त्याने ते युरोपसमोर मांडले. बूजीची जाडी 'फ्रेंच' मापात छापतात, पॅरिसच्या शार्येर या हत्यारं बनवणाऱ्याचं माप: तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. वजन उतरवायच्या स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठर कापून त्याची अरुंद नळी करतात; ती बेताची राहावी म्हणून आत बहुधा 36 ते 40 ची बूजी ठेवून टाके घालतात. फार बारीक घेतली तर नळी गळण्याचा धोका वाढतो. त्या सळईवर छापलेला आकडा आणि तिचं नाव, दोन्ही एकाच बंदराचे प्रवासी. आकडा मात्र आपल्याकडून निघालेला.

एक काम वाचकांनीही करावं. अशा शस्त्रक्रियेनंतर उलट्या थांबेनाशा झाल्या तर पेज बदलत घरी बसू नये. काही आठवड्यांतच शरीरातलं बी-1 जीवनसत्त्व संपतं आणि मेंदूवर बेततं. भावाला आम्ही वेळेत नेलं. त्याचा फुगा 12 मिलिमीटरपर्यंत फुगवला, म्हणजे 36 फ्रेंच.