संकेतस्थळ, लहान व्यवसायाचे

दुकान, कारखाना, बागायत, घरगुती खाणावळ अशा व्यवसायाची माहिती इंटरनेटवर देणारी पाने. त्यासाठी तीन गोष्टी लागतात : डोमेन म्हणजे पत्ता, होस्टिंग म्हणजे पाने ठेवायला भाड्याने घेतलेली जागा, आणि मजकूर. बोलताना तिन्हींना मिळून ‘वेबसाइट’ म्हटले जाते आणि घोटाळा तिथेच होतो. कारण या गोष्टी तीन ठिकाणांहून घेतलेल्या आणि तीन वेगळ्या माणसांच्या नावांवर असू शकतात.

नावावरून संगणकाचा आकडी पत्ता शोधणारी डीएनएस पद्धत पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. पहिले डॉट कॉम नाव १५ मार्च १९८५ रोजी नोंदले गेले. डॉट इनचा कारभार २००३ मध्ये स्थापन झालेली निक्सी ही संस्था पाहते. डोमेन ‘विकत घेतले’ असे म्हणतात खरे, पण ते एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी नोंदवता येते. हा सातबारा नव्हे, भाडेपट्टा. आणि पट्टा ज्याच्या नावावर, पत्ता त्याचा.

हापूस विकणाऱ्या बागायतदाराचे उदाहरण घेऊ. साइट बनवून देणारा ओळखीतला मुलगा डोमेन स्वतःच्याच खात्यात, स्वतःच्या ईमेलवर नोंदवतो. त्यात लबाडी क्वचित, घाईच जास्त. पुढे तो नोकरीला पुण्याला जातो आणि नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ईमेलमध्ये पडून राहते. डोमेन सीझनच्या तोंडावर घेतलेले, म्हणून मुदतही नेमकी पेट्या भरायच्या गडबडीत संपते. डॉट कॉमचे नाव मुदत उलटल्यावर लगेच हातचे जात नाही : काही दिवसांची सवलत असते, मग जादा पैसे भरून सोडवण्यासाठी ३० दिवस, त्यानंतर ५ दिवसांनी ते कोणालाही खुले. म्हणून साइटच्या रंगरूपाआधी डोमेनच्या खात्याचा पासवर्ड मालकाने स्वतःकडे घ्यावा. बिलावर आपले नाव असणे पुरेसे नाही.

मराठी नावांचा आणखी एक पेच म्हणजे रोमन स्पेलिंग. ‘श्री’च्या शेवटी आय की दोन ई, ‘वाडा’ला व्ही की डब्ल्यू? पक्के करण्यापूर्वी नाव फोनवर कोणाला तरी सांगून टाइप करायला लावावे. देवनागरी डॉट भारत नावे २०१४ पासून मिळतात. पाटीवर शोभतात, पण त्यांवरचा ईमेल-पत्ता अनेक ऑनलाइन अर्ज घेत नाहीत. ती जोडीला ठीक.

होस्टिंगमध्ये फार डोके घालायला नको. वर्डप्रेस ही २००३ पासूनची मोफत प्रणाली बहुतेक कंपन्यांकडे चालते. एसएसएल प्रमाणपत्र मात्र हवेच. ते नसलेल्या साइटपुढे क्रोम जुलै २०१८ पासून ‘सुरक्षित नाही’ असे दाखवतो. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ते फुकट देते, तेव्हा त्याचे वेगळे पैसे लावणाऱ्याला कारण विचारावे.

मजकुरात हमखास फसगत होते ती फाँटची. छापखान्यातून आणलेल्या माहितीपत्रकाची फाइल पुष्कळदा जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधली असते. त्यातला मजकूर साइटवर चिकटवला की ‘आमची उत्पादने’च्या जागी रोमन अक्षरांची खिचडी उमटते, तो युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो किंवा पुन्हा टाइप करावा लागतो. मजकुराचा फोटो टाकणे ही पळवाट. गूगलच्या शोधात तो सहसा हाती लागत नाही आणि मोबाइलवर वाचवत नाही.

गूगल नकाशावरची नोंद फुकट आहे आणि ती करावीच. पण त्याच सेवेतून बनवलेल्या मोफत साइट गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. ज्यांनी स्वतःचे डोमेन घेतलेले नव्हते, त्यांच्या कार्डांवर छापलेला पत्ता निकामी झाला.

साइटवरूनच विक्री करायची असेल, तर २०२० चे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम लागू होतात. व्यवसायाचे कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचे नाव साइटवर द्यावे लागते. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. एकखांबी धंद्यात हा अधिकारी अर्थातच मालक स्वतः असतो.