बाल्य, काम आणि निश्चिंतता

बाल्य सुखाचे व्हावयाचे तर ते निश्चिंत असावे, हे मत बहुधा सर्वमान्य आहे. परंतु निश्चिंतता म्हणजे कामाचा अभाव की जबाबदारीच्या भारापासून मुक्तता, याचा उलगडा क्वचितच केला जातो. भारतातील दोन प्रयत्न या दृष्टीने उद्बोधक आहेत.

पहिला प्रयत्न कायद्याचा. १८८१ च्या कारखाने कायद्याने ७ वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास मनाई केली आणि ७ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला ९ तासांची मर्यादा घातली. १८९१ मध्ये किमान वय ९ झाले व १४ वर्षांखालील मुलांसाठी ही मर्यादा ७ तासांवर आली. मुलाचे श्रम यामुळे कमी झाले, हे निःसंशय. तथापि कायद्याने मोजले ते केवळ तास. शिवाय रानात गुरे राखणारे किंवा घरी धाकटे भावंड सांभाळणारे मूल त्याच्या कक्षेबाहेरच राहिले.

नेमक्या याच मुलांचा विचार दुसऱ्या प्रयत्नात झाला. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणास आरंभ केला. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. बालवाडीत न येणाऱ्या मुलांच्या वस्तीतील अंगणातच वर्ग भरू लागला, आणि ‘अंगणवाडी’ रूढ झाली. पुढे कोसबाड येथे वारली मुलांसाठी गुरांच्या कुरणातच ‘कुरणशाळा’ भरली. भावंडे सांभाळण्यात अडकलेल्या मुलींसाठी शाळेला पाळणाघराची जोड देण्यात आली.

या दोहोंतील फरक मार्मिक आहे. कुरणशाळेने मुलाचे काम काढून घेतले नाही. मात्र कामापायी त्याचे शिकणे व खेळणे बुडू नये, ही काळजी तिने वाहिली. पाळणाघराने तर मुलीच्या कडेवरचा भारच प्रौढांकडे सोपविला. भावंडाला खेळविण्यात मुलीला आनंद वाटू शकतो. पण त्याच्या संगोपनाचे उत्तरदायित्व तिच्यावर पडताच तिचे बाल्य संपुष्टात येते.

अर्थात, कुरणशाळेचा दाखला देऊन बालश्रमाचे समर्थन करता येणार नाही. ती परिस्थितीशी केलेली तडजोड होती. ६ ते १४ वर्षांच्या मुलांना २००९ च्या कायद्याने शिक्षणाचा हक्क दिल्यानंतर त्या तडजोडीवर विसंबणे अनुचित ठरेल. तरीही तिच्यातून निघणारे तत्त्व टिकाऊ आहे: निश्चिंतता ही बाल्याची निसर्गदत्त अवस्था नव्हे. मुलाची चिंता कोणीतरी प्रौढाने जाणीवपूर्वक स्वतःकडे घेतली, तरच ती त्याच्या वाट्यास येते.