तात्पुरत्या वर्गखोल्यांचे दीर्घायुष्य

शाळा सोडण्याचे किमान वय १४ वरून १५ वर नेण्याची तरतूद इंग्लंड-वेल्ससाठी १९४४ च्या शिक्षण कायद्याने केली. पण वाढलेली मुले बसवायची कुठे? बॉम्बहल्ल्यांत शाळा पडलेल्या, पोलाद, लाकूड, कामगार सारेच दुर्मीळ.

जानेवारी १९४७ मध्ये मंत्रिमंडळातील वजनदार सहकारी ही वाढ पुढे ढकलू पाहत होते. मँचेस्टरच्या कामगारवस्तीत जन्मलेल्या शिक्षणमंत्री एलन विल्किन्सन हटल्या नाहीत. ६ फेब्रुवारीला त्या वारल्या. १ एप्रिलला निर्णय अमलात आला.

जागेवरचा तोडगा होता ‘होर्सा’. हे त्या बांधकाम मोहिमेच्या लांबलचक इंग्रजी नावाचे लघुरूप. कारखान्यात घडवलेल्या काँक्रीटच्या सांगाड्यांवर, बहुधा ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या छपरांखाली बैठ्या खोल्या उभ्या राहिल्या. त्या नसत्या तर मुलांचे ते वर्ष बुडालेच असते, म्हणून त्यांना हिणवणे मला अन्यायाचे वाटते. दोष पुढच्या सरकारांचा : पक्क्या इमारतीचा खर्च टळला आणि गळती, गारठा, दुरुस्ती, ॲस्बेस्टॉसची जोखीम शाळांच्या माथी आली.

वय १६ करण्याची सोयही त्याच कायद्यात होती. तिला १९७२ उजाडले. तेव्हाही कित्येक होर्सा खोल्यांत वर्ग भरत होते; अनेक शाळांच्या आवारात आता नव्या मुलांसाठी आणखी घाईच्या इमारती उठल्या.